पेरू-अडुळशाच्या पानांचा अर्क: झोन दिसला, पुढे काय?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही पेरू आणि अडुळसा यांच्या पानांचे मिथेनॉलमध्ये आणि पाण्यात अर्क काढले. आगर वेल पद्धतीत, म्हणजे जीवाणू पेरलेल्या आगरमध्ये खड्डा (वेल) पाडून त्यात अर्क ओतल्यावर, पेरूच्या मिथेनॉल अर्काचा स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जीवाणूवर १८ मिमीचा झोन (जीवाणू न वाढलेलं वर्तुळ) आला, अडुळशाचा जेमतेम १० मिमी. ई. कोलायवर दोन्हींचं काहीच नाही आणि पाण्याच्या अर्कांचंही काही नाही. दुसऱ्या कॉलेजातल्या मैत्रिणीला पेरूवर १२ मिमीच मिळाला. गाईड म्हणतात, जीसी-एमएस (मिश्रणातले उडणारे पदार्थ वेगळे करून ओळखणारी यंत्रचाचणी) करून घ्या म्हणजे कोणता घटक काम करतो ते कळेल. हातात तीन महिने आहेत.

जीसी-एमएस करावं की नाही, हा माझ्या मते इथला मुख्य प्रश्न नाही. तुमच्याकडे एका बाजूला रासायनिक चाचण्यांची यादी आहे, दुसऱ्या बाजूला झोनचे आकडे आहेत आणि या दोन्हींना जोडणारं अजून काहीच नाही. अर्कात शेकडो पदार्थ असतात. त्यांची यादी कितीही लांबवली तरी जीवाणू कशामुळे थांबले याचं उत्तर त्या यादीत आपोआप येत नाही. तो दुवा जोडणं हेच तुमचं काम आहे आणि साध्या प्रयोगशाळेतही त्यातलं बरंच करता येतं. किती करता येईल हे तीन गोष्टींवर ठरेल: वाळलेली पानं किती शिल्लक आहेत, तुमच्याकडे ९६ वेलच्या (छोट्या खळग्यांच्या) प्लेट आणि मायक्रोपिपेट आहेत का, आणि जीवाणूंचे स्ट्रेन कुठून आणलेत.

पानापासून सुरुवात करते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर उभं आहे. पानं कुठून आणली ते तुम्ही लिहिलेलं नाही. पेरूत सहसा घोळ होत नाही. काष्ठौषधीच्या दुकानातून वाळलेला अडुळसा घेतला असेल तर मात्र तपासून घ्या, कारण त्यात महारुख या झाडाच्या पानांची भेसळ होते. सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो. अडुळशाची पर्णरंध्रं डायसायटिक असतात, म्हणजे रंध्राला काटकोनात बसलेल्या दोन सहायक पेशी दिसतात, शिवाय सिस्टोलिथ (पेशीतले चुनखडीचे खडे) सापडतात. महारुखात रंध्रं अ‍ॅनोमोसायटिक (वेगळ्या सहायक पेशी नसलेली) असतात आणि सिस्टोलिथ नसतात. मुंबईत राहण्याचा एक फायदा म्हणजे सेंट झेवियर्स कॉलेजातलं ब्लॅटर हर्बेरियम (वाळवलेल्या वनस्पतींचा संग्रह) हाताशी आहे. शक्यतो फुलं असलेली फांदी दाबून, वाळवून तिथे न्या, ओळख पटवून घ्या आणि नमुन्याचा क्रमांक प्रबंधात द्या. दळलेली पावडर घेऊन गेलात तर अशी जुळवणी होऊ शकत नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून पानं तोडून आणू नका. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार परवानगीशिवाय तिथून काही काढता येत नाही. सोसायटीतल्या किंवा कॉलेजच्या आवारातल्या झाडाचं पान चालेल, फक्त जागा, महिना आणि पान कोवळं होतं की जून, एवढं लिहून ठेवा.

वाळवणीबद्दल तर मुंबईकरांनी विशेष काळजी घ्यायला हवी. पुस्तकात ‘सावलीत वाळवा’ असं लिहिलेलं असतं, पण जुलैमध्ये आपल्याकडे सावलीत पान वाळत नाही, ते हळूहळू बुरसतं. बुरशी वरून दिसली नाही तरी दळल्यावर वास येतो. आणि बुरशी स्वतः जीवाणूविरोधी पदार्थ तयार करू शकते. तसं झालं तर तुम्ही मोजलेला झोन पेरूचा की बुरशीचा, हे सांगता येणार नाही. पावसाळ्यात हवा खेळती असलेल्या ओव्हनमध्ये ४० अंशांवर, वजन स्थिर होईपर्यंत वाळवा. पावडर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा, नाहीतर आठवड्याभरात ती पुन्हा ओलावा धरते.

अर्क सॉक्सलेटने (द्रावक उकळून पानावर पुन्हा पुन्हा सोडणाऱ्या उपकरणाने) काढलात की नुसता भिजवून, हेही महत्त्वाचं आहे. सॉक्सलेटमध्ये पानावर ताजं द्रावक पडत राहतं हे खरं, पण बाहेर पडलेला अर्क खालच्या फ्लास्कमध्ये तासन्‌तास उकळत असतो. मलेरियावरच्या आर्टेमिसिनिनचं उदाहरण इथे आठवावं असं आहे. चीनमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तू यूयू यांच्या गटाला अर्कातून एकसारखा परिणाम मिळत नव्हता. वनस्पती पाण्यात भिजवून पिळून घ्यायची, अशी एका प्राचीन ग्रंथातली कृती वाचल्यावर त्यांच्या लक्षात आलं की उष्णतेने क्रियाशील घटक नष्ट होत असावा. मग कमी तापमानाला उकळणाऱ्या ईथरने अर्क काढला आणि तो प्रभावी ठरला. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. पेरूतले टॅनिन (तुरट फिनॉल पदार्थ) बऱ्यापैकी उष्णता सोसतात, पण अडुळशातलं व्हॅसिसिन ऑक्सिडेशनने व्हॅसिसिनोनमध्ये बदलतं. म्हणून माझा कल खोलीच्या तापमानाला शेकरवर भिजवण्याकडे असतो: द्रावक तीनदा बदलायचं, तिन्ही वेळचं गाळलेलं द्रावण एकत्र करायचं आणि रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशांच्या आसपास आटवायचं. पूर्ण कोरडं होईपर्यंत आटवा. अर्कात मिथेनॉल राहिलं तर त्याचाही परिणाम जीवाणूंवर होतो. कोरड्या अर्काचं वजन करून किती ग्रॅम पानातून किती ग्रॅम अर्क आला ते लिहा. हा आकडा बऱ्याच प्रबंधांत नसतो आणि त्याच्याशिवाय तुमचं काम दुसऱ्या कोणाला तसंच्या तसं करून पाहता येत नाही.

आता झोनकडे येऊ. तुमचा १८ आणि मैत्रिणीचा १२ यात खरं-खोटं कोणी नाही. झोन किती मोठा येतो हे अर्काच्या ताकदीइतकंच आगरच्या जाडीवर, पेरलेल्या जीवाणूंच्या संख्येवर, वेलच्या व्यासावर आणि त्यात किती मायक्रोलिटर ओतलं यावर ठरतं. म्युलर-हिंटन आगरची जाडी ४ मिमी हवी. ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली ओतलं की तेवढी येते. पैसे वाचवायला १५ मिली ओतलं तर आगर पातळ होतं आणि झोन मोठा दिसतो. जीवाणूंचं निलंबन ०.५ मॅकफारलंड (गढूळपणाचं प्रमाण) एवढं, म्हणजे मिलीला साधारण १० ते २० कोटी पेशी. ते जुळवल्यावर १५ मिनिटांच्या आत प्लेटवर पसरायचं. झोनच्या मापात वेलचा व्यास धरला की वगळला, हेही लिहा. अडुळशाचा तुमचा १० मिमी जर ८ मिमीच्या वेलसकट असेल, तर वेलच्या कडेला फक्त एक मिमीची रिकामी पट्टी उरते. त्याला मी परिणाम म्हणणार नाही.

प्रत्येक वेळी एक प्लेट जेंटामायसिनच्या १० मायक्रोग्रॅमच्या डिस्कची लावा. एटीसीसी (अमेरिकेतला जीवाणू-संग्रह) २५९२२ या ई. कोलायवर झोन १९ ते २६ मिमी आणि एटीसीसी २५९२३ या स्टॅफिलोकॉकसवर १९ ते २७ मिमी यायला हवा. आला नाही तर त्या दिवशीचे बाकीचे आकडेही धरू नका, कारण माध्यम, पेरणी किंवा इनक्युबेटर यांपैकी काहीतरी बिघडलेलं आहे. स्ट्रेनवर क्रमांक नसेल, शेजारच्या विभागातून ‘कोलाय आहे’ म्हणून मिळालेली स्लँट असेल, तर ती बाजूला ठेवा. चंदीगडच्या एमटीसीसी किंवा पुण्याच्या एनसीआयएम या जीवाणू-संग्रहांतून क्रमांकाचे स्ट्रेन मागवता येतात. त्यांना वेळ लागतो, म्हणून अर्ज आजच करा.

जेंटामायसिनची डिस्क यंत्रणा तपासण्यासाठी असते, अर्काशी तुलना करण्यासाठी नाही. ‘पेरूचा अर्क प्रतिजैविकाच्या ८० टक्के प्रभावी’ अशी वाक्यं प्रबंधांत वाचली की मला काळजी वाटते. हिशेब करून पाहा. तुमचा अर्क मिलीला १०० मिलिग्रॅम असेल आणि वेलमध्ये ५० मायक्रोलिटर ओतला असेल, तर वेलमध्ये ५ मिलिग्रॅम अर्क गेला. डिस्कवर औषध आहे १० मायक्रोग्रॅम. म्हणजे अर्क ५०० पट जास्त घातला आहे. एका मुलाला स्टुलावर उभं करून दोघांची उंची मोजण्यासारखं हे आहे. वर दोघांची आगरमधून पसरण्याची क्षमताही सारखी नाही. जेंटामायसिन पाण्यात सहज विरघळतं आणि झपाट्याने पसरतं. पानातले तेलकट किंवा मोठ्या रेणूंचे पदार्थ वेलच्या कडेलाच अडकून बसतात. झोन नाही म्हणजे परिणाम नाही असंही म्हणता येत नाही आणि मोठा झोन म्हणजे जास्त ताकद असंही नाही. झोनचा उपयोग एवढाच की कोणता अर्क पुढे न्यायचा हे त्यावरून ठरवता येतं.

पुढे न्यायचं म्हणजे एमआयसी, म्हणजे जीवाणूंची वाढ थांबवणारी किमान तीव्रता, काढायची. हे तुमच्या प्रकल्पातलं सर्वांत मोलाचं काम ठरेल. ९६ वेलच्या प्लेटमध्ये अर्काची तीव्रता मिलीला २००० मायक्रोग्रॅमपासून निम्मी-निम्मी करत खाली न्या. प्रत्येक वेलमध्ये मिलीला सुमारे ५ लाख पेशी हव्यात. ३५ अंशांवर १६ ते २० तास ठेवा. डीएमएसओचं (ज्यात कोरडा अर्क विरघळवता त्या द्रावकाचं) अंतिम प्रमाण १ टक्क्याच्या वर जाऊ देऊ नका आणि तेवढंच डीएमएसओ घातलेली पण अर्क नसलेली एक ओळ ठेवा. पानांच्या अर्काची खरी अडचण अशी की तो हिरवा-तपकिरी असतो, त्यामुळे गढूळपणा डोळ्यांना कळत नाही. डीएमएसओमधला अर्क माध्यमात मिसळताच काही पदार्थ साका धरतात आणि तो साका जीवाणूंच्या वाढीसारखा दिसतो. म्हणून शेवटी रेझाझुरिन हा रंग घालतात. जिवंत जीवाणू त्याचा निळा रंग गुलाबी करतात. पण पेरूसारख्या फिनॉलयुक्त अर्कात स्वतःलाच रेझाझुरिनचं क्षपण करण्याची ताकद असू शकते. जीवाणू न घालता फक्त अर्क आणि रेझाझुरिन अशीही एक ओळ लावा. ती गुलाबी झाली तर रंगावर विसंबू नका. प्रत्येक वेलमधून लूपभर घेऊन साध्या आगरवर रेघ ओढा आणि दुसऱ्या दिवशी वाढ पाहा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याच्या निकालावर शंका घ्यायला जागा राहत नाही.

आकडा आल्यावर तो कसा वाचायचा? कच्च्या अर्काची एमआयसी मिलीला १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर या क्षेत्रात तिची दखल घेतली जाते. १००० च्या वर गेली तर औषधाच्या दृष्टीने त्यात फारसं काही नाही, असं प्रामाणिकपणे लिहायला हवं. एका पायरीचा फरक, म्हणजे आज २५० आणि उद्या ५००, हा पद्धतीतलाच फरक मानतात. आणखी एक: एकाच बाटलीतल्या अर्काच्या तीन प्लेट म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग होत नाहीत. पानं तीन वेळा वेगवेगळी घेऊन तीन अर्क काढा, तेव्हाच सरासरी आणि विचलन यांना अर्थ येतो.

ई. कोलायवर काही आलं नाही याने नाराज होऊ नका. ग्रॅम-निगेटिव्ह जीवाणूंभोवती बाहेरचं एक जादा आवरण असतं. त्यातून मोठे आणि पाण्यात न मिसळणारे रेणू सहज आत जात नाहीत आणि जे जातात त्यांना बाहेर फेकणारे पंप असतात. वनस्पतींच्या बहुतेक अर्कांचं हेच होतं. पाण्याच्या अर्काचा परिणाम दिसला नाही, यावरून काढा निरुपयोगी ठरत नाही. अडुळसा घराघरांत खोकल्यासाठी वापरतात आणि त्यातलं व्हॅसिसिन श्वासनलिका सैल करतं. त्याच्याच रचनेवरून ब्रोमहेक्झिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. खोकल्यावरच्या गुणाचा जीवाणू मारण्याशी संबंध असलाच पाहिजे असं नाही. परंपरेने जे सांगितलं ते तुमच्या प्लेटने सिद्धही होत नाही आणि खोटंही ठरत नाही, कारण प्लेट वेगळाच प्रश्न विचारते आहे.

परीक्षानळीतल्या रंगचाचण्या दोन दिवसांत आटपा. मेयर, ड्रॅगनडॉर्फ, फेरिक क्लोराइड, शिनोडा, फेस येण्याची चाचणी, एवढ्या पुरेत. अल्कलॉइडसाठी एकाच अभिकर्मकावर विसंबू नका, प्रथिनंही साका देतात. हिरव्या रंगात हिरवट रंग शोधत बसण्यापेक्षा आधी पेट्रोलियम ईथरने हरितद्रव्य काढून टाका. ‘अधिक अधिक अधिक’ अशा चिन्हांच्या तक्त्यावर प्रबंधाचं प्रकरण उभं करू नका. त्याऐवजी फोलिन-सिओकाल्टो पद्धतीने एकूण फिनॉल मोजा आणि गॅलिक आम्लाच्या तुलनेत आकडा द्या.

आता दुव्याकडे. पेरूच्या बाबतीत पहिला संशय टॅनिनवर घ्यायला हवा. टॅनिन प्रथिनांना धरून साका करतात आणि जीवाणूंच्या वाढीला ढोबळपणे अडथळा आणतात. अर्क पॉलीव्हिनाइलपॉलीपायरोलिडोनच्या भुकटीबरोबर हलवून गाळा, जिलेटिन-मिठाच्या चाचणीने टॅनिन गेले का ते पाहा आणि पुन्हा एमआयसी काढा. परिणाम नाहीसा झाला तर टॅनिन हे उत्तर असण्याची शक्यता मोठी, पण ही भुकटी इतर काही फिनॉलही धरते, हे सोबत लिहा. परिणाम टिकला तर मजा आहे. मग पेरूच्या पानातले क्वेर्सेटिनचे ग्लायकोसाइड, त्यातही ग्वाइजाव्हेरिन, याकडे लक्ष द्या.

त्यानंतर टीएलसी बायोऑटोग्राफी करा, म्हणजे सिलिकाच्या पातळ थरावर अर्कातले पदार्थ वेगळे करून त्यावरच जीवाणू वाढवा. दुवा जोडणारा प्रयोग हाच आहे आणि त्याला महागडं यंत्र लागत नाही. सिलिका जेलच्या एफ२५४ प्लेटवर अर्काचे ठिपके देऊन दोन सारख्या प्लेट चालवा. एक २५४ आणि ३६६ नॅनोमीटरच्या प्रकाशात पाहून मग अ‍ॅनिसाल्डिहाइड-सल्फ्युरिक आम्लाने रंगवा. दुसरी द्रावक पूर्ण उडेपर्यंत वाळवा, तिच्यावर स्टॅफिलोकॉकस मिसळलेलं कोमट मऊ आगर पातळ थरात ओता, रात्रभर ठेवा आणि वर एमटीटी या रंगद्रव्याचं द्रावण फवारा. जिवंत जीवाणू जांभळे होतात. जिथे वाढ थांबली तिथे फिकट ठिपका उरतो. त्या ठिपक्याची आरएफ (द्रावकाच्या तुलनेत ठिपका किती वर चढला ते गुणोत्तर) पहिल्या प्लेटवरच्या ठिपक्याशी जुळवली की शेकडो पदार्थांतून तुम्ही एका पट्टीपर्यंत पोचता. क्वेर्सेटिन आणि अडुळशासाठी व्हॅसिसिन यांचे मानक नमुने शेजारी चालवा. पावसाळ्यात सिलिका हवेतला ओलावा ओढते आणि आरएफ रोज बदलते. प्लेट १०५ अंशांवर अर्धा तास तापवून, डेसिकेटरमध्ये गार करून लगेच वापरा.

कधी असं होतं की पूर्ण अर्क काम करतो पण प्लेटवर एकही ठिपका उमटत नाही. एखादा घटक वाळवताना उडून गेलेला असू शकतो, किंवा दोन घटक मिळूनच काम करत असतात. बर्बेरिस (दारुहळद) प्रजातीतल्या झुडपांवरचं २००० साली प्रसिद्ध झालेलं काम याचं ठळक उदाहरण आहे. त्यात बर्बेरीन हा घटक एकटा स्टॅफिलोकॉकसपुढे दुबळा पडतो, कारण जीवाणूचा पंप त्याला बाहेर फेकतो. त्याच झाडातला दुसरा एक पदार्थ स्वतः जीवाणूला काही करत नाही, पण तो पंप बंद पाडतो. दोघांना वेगळं केलं की परिणाम गेला. तुमच्या प्लेटवर ठिपका आला नाही तर सगळी सिलिका पट्ट्यांमध्ये खरवडून, दोन-दोन पट्ट्या एकत्र करून तपासता येईल, वेळ असेल तर.

आणि जीसी-एमएस? आयआयटी मुंबईच्या सैफ या उपकरण-केंद्रात नमुना देता येतो, पण आधी काय मिळणार ते समजून घ्या. जीसीमध्ये फक्त उडणारे पदार्थ जातात. टॅनिन आणि ग्लायकोसाइड, म्हणजे पेरूतले आपले दोन मुख्य संशयित, त्यात दिसणारच नाहीत. दिसेल कॅरिओफायलीन, हेक्साडेकॅनॉइक आम्ल आणि फायटॉल. शेवटचे दोन जवळपास कोणत्याही हिरव्या पानात सापडतात. फायटॉल तर हरितद्रव्याचाच तुकडा आहे. थॅलेट (प्लास्टिक मऊ करणारा पदार्थ) दिसलं तर ते पानातलं समजू नका, बहुतेक वेळा ते प्लास्टिकच्या नळीतून आलेलं असतं, म्हणून नुसत्या द्रावकाचा नमुनाही सोबत द्या. लायब्ररीशी जुळणी ९० टक्के आली तरी ती ओळख पटली असं धरता येत नाही, आणि पीकच्या क्षेत्रफळाचे टक्के म्हणजे वजनाचे टक्के नव्हेत. गाईडना हे सगळं एका पानावर लिहून दाखवा आणि त्याच पैशांत बायोऑटोग्राफीतून खरवडलेल्या पट्टीचं एलसी-एमएस (न उडणारे पदार्थही ओळखणारी चाचणी) करता येईल का ते विचारा. जीसी-एमएस करावंच लागलं तर पेट्रोलियम ईथरच्या अंशाचं करा, मिथेनॉल अर्काचं नको.

तीन महिन्यांचा क्रम मी असा लावीन. पहिले दोन आठवडे ओळख, वाळवणी आणि स्ट्रेनचा अर्ज. मग तीन स्वतंत्र अर्क, झोन आणि एमआयसी. दुसऱ्या महिन्याच्या मध्यापासून टॅनिन काढून पुन्हा एमआयसी, त्यानंतर बायोऑटोग्राफी. शेवटचे तीन आठवडे लिहायला राखून ठेवा. अडुळसा झोनच्या पायरीवरच थांबला तर त्याच्यावर आणखी वेळ घालू नका; त्याचा नकारात्मक निकाल नियंत्रणांसकट नीट लिहा आणि सगळं बळ पेरूवर लावा. वापरलेल्या प्लेट १२१ अंशांवर निदान अर्धा तास ऑटोक्लेव्ह केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नका. टॅनिन काढल्यानंतरची एमआयसी आणि ठिपक्याची आरएफ हाती आली की कोणत्या द्रावकांच्या मिश्रणात प्लेट चालवली ते आकड्यांसह लिहा, पट्टी आणखी वेगळी कशी करायची ते मग नेमकं सांगता येईल.